सोंगट्या नव्या, डाव जुनाच : ख्रिस्ती व्हिडिओ गेमची चार दशके

खेळ आणि धर्म यांचे नाते ख्रिस्तसभेच्या इतिहासात कधी सलोख्याचे, तर कधी संशयाचे राहिलेले आहे. दुसऱ्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास तर्तुलियन यांनी रोमन आखाड्यातील खेळांवर कडक टीका केली. कारण त्या खेळांत माणसांचे रक्त सांडत होते आणि मूर्तिपूजेचे विधी होत होते. उलटपक्षी तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी, शरीराप्रमाणे मनालाही विसावा लागतो व तो खेळ आणि विनोद यांतून मिळतो, असे प्रतिपादन करून मर्यादशील खेळकरपणाला सद्गुणांच्या मालिकेत स्थान दिले. करमणुकीचे प्रत्येक नवे साधन पुढे आले, तेव्हा ख्रिस्तसभेला हे दोन्ही विचार जमेस धरावे लागले आहेत.

दुसऱ्या व्हॅटिकन महासभेने ४ डिसेंबर १९६३ रोजी ‘इंटर मिरिफिका’ हे संपर्कमाध्यमांविषयीचे आदेशपत्र प्रसिद्ध केले, तेव्हा घरोघरी व्हिडिओ गेम यायचे होते. पुढे २००७ च्या जागतिक संपर्कदिनाच्या संदेशात पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी मुले आणि माध्यमे हा विषय घेतला. हिंसा आणि लैंगिक स्वैराचार यांना करमणुकीच्या नावाखाली गोंजारणाऱ्या व्हिडिओ गेमचा त्यांनी नामनिर्देशपूर्वक निषेध केला. परंतु त्याच संदेशात आणखी एक विचार आहे, त्याकडे आपले कमी लक्ष गेले. सौंदर्य मुलांच्या अंतःकरणाला उभारी देते आणि कुरूपता व ओबडधोबडपणा त्याला खाली ओढतो, असा तो आशय. म्हणजे मुलांच्या हाती दिली जाणारी वस्तू पापमुक्त असली की काम संपले, असे नाही. ती चांगली घडवलेलीही असली पाहिजे.

या निकषावर ख्रिस्ती व्हिडिओ गेमचा इतिहास तपासून पाहावा, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. पवित्र विषय घेतला म्हणजे खेळ ख्रिस्ती होतो काय, हा त्यामागील मूळ प्रश्न होय.

बेक्की गावातील दोर

निकष ठरविण्यासाठी एका संताचे उदाहरण उपयोगी पडेल. संत योहान बॉस्को यांचे बालपण इटलीतील तुरिन शहराजवळच्या बेक्की या वाडीत गेले. जत्रेत येणाऱ्या कसरतपटूंचे खेळ ते बारकाईने पाहत आणि घरी येऊन पडत-धडपडत त्यांचा सराव करीत. पुढे रविवारी दोन झाडांना दोर बांधून ते शेजाऱ्यांना खेळ दाखवू लागले. त्याआधी जमलेल्यांनी रोझरीची प्रार्थना करायची आणि सकाळी चर्चमध्ये ऐकलेला उपदेश छोट्या योहानच्या तोंडून पुन्हा ऐकायचा, ही त्यांची अट असे.

ही हकिगत आपण धर्मशिक्षणाच्या वर्गात अनेकदा सांगतो. परंतु तिच्यातील एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. ती अशी, की योहानला दोरावर खरोखरच चालता येत होते. रोझरी म्हटली म्हणून दोर कोणाला सांभाळून घेत नाही. जत्रेतल्या कसरतपटूच्या तोडीचा खेळ पाहायला मिळतो, म्हणून लोक येत होते आणि आल्यावर प्रार्थनाही करीत होते. कसब कच्चे असते, तर रोझरीला माणसेच जमली नसती.

मूळ खेळ दुसऱ्याचा

घरगुती व्हिडिओ गेमच्या क्षेत्रात ख्रिस्ती विषयांचे पदार्पण १९८३ च्या सुमारास झाले. अटारी कंपनीच्या यंत्रासाठी त्या वर्षी ‘रेड सी क्रॉसिंग’ हा मोशेच्या तांबड्या समुद्रातील वाटचालीवरचा खेळ निघाला. ख्रिस्ती संगीताच्या ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या स्पॅरो कंपनीने त्याच सुमारास ‘द म्युझिक मशीन’ हा खेळ विक्रीस आणला. वरून पडणारी पवित्र आत्म्याची फळे टोपलीत झेलायची, एवढेच त्याचे स्वरूप होते. त्या काळी गाजलेल्या ‘कबूम’ या खेळात वरून पडणारे बॉम्ब झेलायचे असत. इथे बॉम्बच्या जागी फळे आली. १९८३ मध्येच अमेरिकेतील व्हिडिओ गेमचा बाजार कोसळला आणि हे दोन्ही खेळ विस्मरणात गेले. मात्र दुसऱ्याच्या खेळाला ख्रिस्ती रंग लावण्याची प्रथा इथेच सुरू झाली.

या प्रथेला मोठ्या व्यापाराचे रूप दिले ते कॅलिफोर्नियातील ‘कलर ड्रीम्स’ या कंपनीने. १९८८ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी आरंभी धार्मिक नव्हती. जपानच्या निन्टेंडो कंपनीचे यंत्र तेव्हा अमेरिकेतील लाखो घरांत पोचले होते. त्या यंत्रासाठी खेळ काढायचा, तर निन्टेंडोचा परवाना लागे आणि परवाना नसलेला खेळ यंत्रात चालू नये म्हणून आत एक कुलूपवजा चिप बसविलेली असे. कलर ड्रीम्सच्या तंत्रज्ञांनी ही चिप चकविण्याची युक्ती शोधली व परवान्याशिवाय खेळ विकण्यास सुरुवात केली. तेव्हा निन्टेंडोने दुकानदारांवर दबाव आणला. असले खेळ ठेवाल तर आमचा माल मिळणार नाही, या धास्तीने दुकानांची दारे कंपनीला बंद होऊ लागली.

यातून एक पळवाट सापडली. अमेरिकेत ख्रिस्ती पुस्तकांची दुकाने पुष्कळ होती आणि ती निन्टेंडोचा माल विकतच नव्हती. त्यांच्यावर दबाव आणणार कसा? शिवाय निन्टेंडोची अमेरिकन शाखा आपल्या खेळांत क्रुसासारखी धार्मिक चिन्हे येऊ देत नसे, त्यामुळे या क्षेत्रात स्पर्धकही नव्हता. कंपनीने ‘विस्डम ट्री’ या नव्या नावाने बायबलवरील खेळ काढले. १९९१ च्या सुमारास आलेल्या ‘बायबल अ‍ॅडव्हेंचर्स’च्या साडेतीन लाखांच्या आसपास प्रती खपल्याचे सांगितले जाते. ख्रिस्ती व्हिडिओ गेमचा पहिला मोठा यशस्वी प्रयत्न अशा रीतीने सुवार्ताप्रसाराच्या तळमळीपेक्षा व्यापारातील अडचणीतून जन्मला, ही इतिहासाची नोंद आहे. हेतू व्यापारी होता म्हणून कृती वाईटच, असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. चर्चच्या भिंतींवरील अनेक उत्तम चित्रे मोबदला घेऊनच काढलेली आहेत. म्हणून प्रत्यक्ष खेळाकडेच पाहू.

‘बायबल अ‍ॅडव्हेंचर्स’मध्ये तीन कथा होत्या : नोहाचे तारू, बाळ मोशे आणि दावीद व गल्याथ. खेळाची चाल निन्टेंडोच्याच ‘सुपर मारिओ ब्रदर्स २’वरून घेतलेली होती. त्या खेळात नायक जमिनीतून भाजी उपटतो, डोक्यावर धरतो आणि शत्रूच्या अंगावर फेकतो. आता हीच चाल बाळ मोशेच्या कथेला लावल्यावर काय होते? मोशेची बहीण बाळाला उचलून डोक्यावर धरते आणि बटण दाबले की फेकून देते. अगदी नदीतही फेकता येते, आणि बाळाला काही होत नाही. फारोच्या तावडीतून आपले लेकरू वाचावे म्हणून काळजावर दगड ठेवून टोपली लव्हाळ्यांत सोडणारी आई आणि दुरून तिच्यावर नजर ठेवणारी बहीण, हा निर्गमच्या ग्रंथातील प्रसंग. त्यातले सारे कारुण्य त्या एका बटणाने पुसून टाकले. कोणी मुद्दाम थट्टा केली नव्हती. चाल भाजी फेकण्याची होती, तीत बाळ बसविले गेले, एवढेच.

१९९२ च्या ‘स्पिरिच्युअल वॉरफेअर’चा प्रकार याहून विचार करण्याजोगा आहे. हा ‘झेल्डा’ या सुप्रसिद्ध खेळाच्या धर्तीवर बेतलेला होता. त्यातील ख्रिस्ती तरुण शहरातून फिरतो आणि अविश्वासू लोकांवर पवित्र आत्म्याची फळे फेकून मारतो. फळ लागले की तो माणूस गुडघे टेकतो आणि नाहीसा होतो. संत पौलाने गलतीकरांना लिहिलेल्या पत्रात पवित्र आत्म्याचे फळ म्हणून प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता यांची गणना केली आहे. ही फळे माणसाच्या जीवनात हळूहळू पिकतात. इथे ती धोंड्यांसारखी भिरकावली जातात, आणि परिवर्तन झालेला माणूस तत्क्षणी पडद्यावरून पुसला जातो, जणू त्याचे पुढे काही प्रयोजनच उरले नाही!

१९९४ मध्ये ‘सुपर थ्री-डी नोहाज आर्क’ आला. नात्सी सैनिकांना बंदुकीने टिपण्याच्या ‘वुल्फेनस्टाइन थ्री-डी’ या खेळाची यंत्रणा रीतसर विकत घेऊन तो तयार केला होता. सैनिकांच्या जागी तारवातले बिथरलेले प्राणी आले आणि बंदुकीच्या जागी गोफण. तिच्यातून चारा मारला की प्राणी झोपी जातात. १९९५ चा ‘संडे फनडे’ तर कंपनीने आपल्याच ‘मेनेस बीच’ या जुन्या खेळाची चित्रे बदलून काढला. चाकांच्या फळीवरून प्रेयसीला सोडवायला निघालेला मुलगा आता त्याच फळीवरून रविवारच्या धर्मशाळेला निघाला. रस्ता तोच, अडथळे तेच.

हे सारे खेळ ओबडधोबड का राहिले? पैसा कमी आणि माणसे थोडी, हे एक कारण आहेच. माझ्या मते दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. हे खेळ विकत घेणारे आईवडील आणि आजी-आजोबा होते. खेळणारी मुले होती. घेणारा वेष्टनावरचे नोहाचे चित्र पाहून निश्चिंत होई. खेळणाऱ्याला तो आवडला की नाही, हे निर्मात्याला विक्रीच्या आकड्यांतून कळतच नसे. ज्या मालाचा दर्जा त्याच्यावरील धार्मिक चित्रावरून ठरतो, त्या मालाचा दर्जा वाढण्याचे कारणच उरत नाही. याचा दोष निर्मात्यांवर जेवढा, तेवढाच आम्हा घेणाऱ्यांवरही येतो.

तलवार, रणगाडे आणि प्रार्थना

एप्रिल १९९९ मध्ये अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार करून अनेकांचे प्राण घेतले. हिंसक व्हिडिओ गेमवर त्यानंतर देशभर चर्चा झाली. त्याच वातावरणात २००० साली ‘कॅटेक्युमेन’ हा खेळ आला. कॅटेक्युमेन म्हणजे स्नानसंस्काराची तयारी करणारा दीक्षार्थी. खेळाची रचना मात्र बंदुकीच्या खेळांचीच होती : रोममधील भुयारांतून जायचे आणि आत्म्याच्या तलवारीने सैतानाने पछाडलेल्या सैनिकांवर वार करायचे. वार लागला की सैनिक मुक्त होऊन गुडघे टेकतो. रक्त कोठेच नाही, ही निर्मात्यांची सद्भावना मान्य केली पाहिजे. परंतु रोमच्या भुयारी दफनभूमीत ज्यांच्या कबरी आहेत, त्या रक्तसाक्ष्यांनी सैनिकांवर वार करून विजय मिळविला नव्हता. ते स्वतः मरण पावले, आणि त्यांचा तोच विजय होता. हातात तलवार असल्याशिवाय जो खेळ पुढे सरकत नाही, त्याला त्यांची कथा सांगणे अवघड आहे.

२००६ मध्ये ‘लेफ्ट बिहाइंड : इटर्नल फोर्सेस’वरून अधिक मोठे वादळ उठले. टिम लाहे आणि जेरी जेंकिन्स यांच्या लोकप्रिय कादंबऱ्यांवर तो आधारलेला होता. खरे विश्वासणारे एका क्षणात स्वर्गात उचलले जातील आणि मागे राहिलेल्यांचा ख्रिस्तविरोधकाशी संघर्ष होईल, ही त्या कादंबऱ्यांची कल्पना. कॅथलिक ख्रिस्तसभेची शिकवण तशी नाही. खेळात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर दोन सैन्ये लढतात. रस्त्यावरील सामान्य माणसांना आपल्या बाजूला वळवायचे, आणि जमले नाही तर शत्रूला मारताही येते. मारले की आपल्या सैनिकाचे आध्यात्मिक गुण घटतात. मग त्याच्याकडून प्रार्थना करवून घेतली की ते गुण पुन्हा भरून येतात.

अनेक ख्रिस्ती संघटनांनीही या खेळाला विरोध केला. विरोधाचा भर हिंसेवर होता आणि तो योग्यच होता. परंतु मला त्यातील प्रार्थनेची योजना हिंसेहून अधिक चिंताजनक वाटते. माणूस मारला, गुण घटले, प्रार्थना केली, गुण भरले, पुन्हा लढाईला सज्ज! इथे पश्चात्ताप नाही, मेलेल्या माणसाचे स्मरण नाही, देवाशी संवादही नाही. गाडीत इंधन भरावे तशी ही प्रार्थना. हा खेळ तासन् तास खेळणाऱ्या मुलाला कोणी एक शब्दही न सांगता प्रार्थनेचा हा अर्थ शिकविला जातो.

व्हिडिओ गेम कशाने बोलतो, हे इथे स्पष्ट होते. पुस्तक शब्दांनी बोलते आणि चित्र रंगरेषांनी. खेळ आपल्या नियमांनी बोलतो. काय केले असता बक्षीस मिळते आणि कशाने हार होते, हेच त्याचे प्रवचन असते. मधूनमधून पडद्यावर येणारी बायबलची वचने ही त्या प्रवचनावरची वेलबुट्टी होय. आणि बहुतेक खेळांचा मूळ नियम असा, की प्रयत्न करा, गुण मिळवा, पुरेसे गुण झाले की विजय तुमचा. पाचव्या शतकात संत अगस्तीन यांनी पेलागियसच्या मताशी आयुष्याची अखेरची वर्षे झुंज दिली, ती नेमकी याच विचाराविरुद्ध. तारण स्वबळावर कमावता येत नाही, ते कृपेचे दान आहे, ही ख्रिस्तसभेची श्रद्धा. गुणांच्या हिशेबावर चाललेल्या खेळात कृपा कशी दाखवायची? ख्रिस्ती खेळनिर्मात्यापुढचे हे सर्वांत खडतर आव्हान आहे, आणि पैशाने ते सुटण्यासारखे नाही.

जो खेळ जिंकता येत नाही

या आव्हानाला एक उत्तर जानेवारी २०१६ मध्ये मिळाले. अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यातील रायन आणि एमी ग्रीन या ख्रिस्ती दांपत्याचा मुलगा जोएल याला वयाच्या पहिल्या वर्षीच मेंदूचा कर्करोग झाल्याचे निदान झाले. तो आणखी चार वर्षे जगला आणि मार्च २०१४ मध्ये प्रभूघरी गेला. तो आजारी असतानाच त्याच्या पित्याने सहकाऱ्यांसह एक व्हिडिओ गेम रचण्यास प्रारंभ केला होता. ‘दॅट ड्रॅगन, कॅन्सर’ हे त्याचे नाव.

या खेळात तळ्याकाठी बदकांना पाव घालायचा असतो, बाळाला झोका द्यायचा असतो. एका प्रसंगी आईवडील थोरल्या भावंडांना जोएलचा आजार समजावून सांगतात : तो एक छोटा योद्धा असून राक्षसी सर्पाशी लढतो आहे. तेथे पडद्यावर जुन्या धाटणीचा लढाईचा खेळ सुरू होतो. पण खेळणाऱ्याने कितीही कसब लावले, तरी तो सर्प मरत नाही. दुसरा प्रसंग इस्पितळातल्या रात्रीचा आहे. मूल तहानेने रडते आहे, पाजलेले पोटात ठरत नाही. खेळणारा खोलीतील एकेक वस्तू हाताळून पाहतो. रडणे थांबत नाही. सगळे उपाय थकल्यावर पिता प्रार्थना करतो, आणि मूल शांत झोपी जाते. ही त्या पित्याच्या आयुष्यात खरोखर घडलेली रात्र होती.

इथल्या प्रार्थनेला बटणाचे मोल नाही. तिने आजार बरा होत नाही आणि गुण वाढत नाहीत. त्या रात्रीपुरती झोप मिळते. पुढे जोएल जातोच. खेळणाऱ्याच्या हाती काहीच नाही, याचा अनुभव खेळाच्या नियमांतूनच त्याला दिला जातो, आणि त्या रिकाम्या हातांत कृपा येते ती न कमावता. थडग्यापाशी बसलेल्या स्त्रियांचे दुःख आणि त्यांची आशा यांच्याशी या खेळाचे नाते आहे. धर्म न मानणारे अनेक समीक्षकही त्याने हेलावले. २०१६ च्या अखेरीस ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये आणि २०१७ मध्ये ब्रिटनच्या बाफ्टा संस्थेकडून त्याचा गौरव झाला.

तथापि या यशालाही दुसरी बाजू आहे. लोकवर्गणीतून एक लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी राहूनही खर्च भागला नाही. असंख्य लोकांनी दुसऱ्या कोणी तरी खेळलेला हा खेळ यूट्यूबवर फुकट पाहिला, आणि मार्च २०१६ मध्ये विक्रीतून आपल्याला अद्याप काहीच मिळाले नसल्याचे निर्मात्यांना जाहीरपणे लिहावे लागले. भाजी फेकण्याच्या खेळाने पैसा मिळविला आणि या खेळाला आश्रयदाते शोधावे लागले, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

आपला वाटा

कॅथलिक समाजाचे या क्षेत्रातील प्रयत्न थोडेच आहेत. २०१८ मध्ये रामोन पाने प्रतिष्ठानने ‘फॉलो जेसी गो’ हा मोबाइलवरील खेळ पनामा येथील जागतिक युवा मेळाव्याच्या निमित्ताने काढला. ‘पोकेमॉन गो’च्या धर्तीवरच्या या खेळात शहरातून फिरत संतांची भेट घ्यायची आणि त्यांच्याविषयीच्या प्रश्नांची उत्तरे द्यायची असत; वाटेत चर्च लागले, तर आत जाऊन प्रार्थना करण्याचे सुचविले जाई. चाल उसनीच होती. तरी ती मुलाला उठवून खऱ्या चर्चच्या दारापर्यंत नेत होती, म्हणून विषयाशी जुळली.

चाल उसनी घेणे हे मुळात पाप नाही, हे मराठी ख्रिस्ती वाचकाला वेगळे सांगायला नको. फादर थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या नवख्रिस्ती लोकांसाठी त्यांनी पुराणाचाच घाट घेतला, ओवीच उचलली आणि १६१६ मध्ये राशोल येथे ‘क्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले. जुन्या पुराणातील नावे खोडून तिथे बायबलमधील नावे घालण्याचा सोपा मार्ग त्यांना मोकळा होता. त्यांनी अनेक वर्षे भाषा आत्मसात केली आणि सुमारे अकरा हजार ओव्या नव्याने रचल्या. म्हणूनच चारशे वर्षांनंतर ते पुस्तक मराठी साहित्याच्या इतिहासात मानाने उभे आहे. धर्मग्रंथ म्हणून त्याला कोणी सवलत दिलेली नाही.

आज आपल्या धर्मग्रामांतील मुलांच्या हाती मोबाइल आहे आणि त्यात खेळ आहेत. ७ सप्टेंबर २०२५ रोजी पोप लिओ चौदावे यांनी ज्यांना संतपद बहाल केले, ते कार्लो अकुतिस यांनाही व्हिडिओ गेम आवडत. आठवड्याला एक तास, एवढी मर्यादा त्यांनी स्वतःवर घालून घेतली होती. पालकांना या उदाहरणाचा आधार जरूर वाटावा. परंतु मर्यादा घालणे हे अर्धेच काम आहे. त्या तासाभरात मूल काय खेळते, आणि त्या खेळाचा नियम त्याला माणसाविषयी व देवाविषयी काय शिकवितो, हे पालकांनी शेजारी बसून, शक्य तर स्वतः खेळून पाहिले पाहिजे. वेष्टनावर क्रूस आहे एवढ्यावर समाधान मानू नये, आणि क्रूस नाही एवढ्यावर तो त्याज्यही ठरवू नये.

आपल्या धर्मग्रामांतून आता संगणकशास्त्र शिकलेली, चित्रकला व संगीत येणारी तरुण मुले-मुली मोठ्या संख्येने बाहेर पडत आहेत. त्यांच्यापैकी कोणी उद्या असा खेळ रचायला घेतला, तर त्याच्याकडून नाताळच्या आत तो पुरा करून मागू नये, आणि धर्मकार्य आहे म्हणून फुकटही मागू नये. त्याला वेळ द्यावा, पैसा द्यावा आणि पडू द्यावे. बेक्कीच्या त्या मुलानेही दोरावर पाय ठरण्यापूर्वी बरेच दिवस मार खाल्ला होता.